ना बोसॉन, ना फर्मिऑन : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

बोसॉन आणि फर्मिऑन या दोन घराण्यांत न बसणाऱ्या कणांविषयी अलीकडे वर्तमानपत्रांत बरेच छापून आले, आणि त्यामुळे सीमाभागातील वाचकांची या एकाच विषयावर अनेक पत्रे आली. खानापूर, निपाणी, शहापूर, चिकोडी, हुक्केरी आणि अथणी येथील पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही पत्रे दीर्घ असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (खानापूर) : मी बेळगावच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकतो. प्रत्येक कण एक तर बोसॉन असतो नाही तर फर्मिऑन, असे आमच्या पुस्तकात ठामपणे लिहिले आहे. बातमीत मात्र तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख आहे. पुस्तक चुकले की बातमी? आणि परीक्षेत काय लिहावे?

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलेच उत्तर लिहावे, कारण ते चुकीचे नाही. मात्र ते ज्या अटींवर बरोबर ठरते त्या अटी पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकलेल्या असतात किंवा गाळलेल्याच असतात, आणि तुमच्या शंकेचे मूळ नेमके तेथे आहे.

दोन इलेक्ट्रॉन घ्या. ते इतके एकसारखे असतात की हा पहिला आणि तो दुसरा अशी खूण त्यांच्यावर करताच येत नाही. त्यांची जागा आपापसांत बदलली, तर मोजून पाहता येणारी कोणतीही गोष्ट बदलता कामा नये. पण क्वांटम यांत्रिकीत मोजमापांच्या मागे तरंगफलन, म्हणजे कणांच्या अवस्थेचे गणिती वर्णन, असते, आणि त्याला एक कोन, म्हणजे कला, असते. अदलाबदलीने हा कोन सरकला तरी एकट्या तरंगफलनाच्या मोजमापात तो दिसत नाही, म्हणून असे सरकणे नियमात बसते. आता हीच अदलाबदल पुन्हा एकदा केली, तर दोन्ही कण आपापल्या मूळ जागी येतात, आणि सारे पूर्ववत व्हायचे तर दोन वेळचे सरकणे मिळून एकही अंश उरू नये किंवा बरोबर 360 अंश व्हावेत. म्हणजे एका वेळचा कोन 0 अंश किंवा 180 अंश, यांखेरीज तिसरा पर्याय राहत नाही. 0 अंशवाले ते बोसॉन. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशकणांसाठी त्यांची गणनपद्धती, म्हणजे असे कण कोणत्या अवस्थेत किती असतील ते मोजण्याची रीत, मांडली आणि आइनस्टाइन यांनी ती पुढे नेली. 180 अंशवाले ते फर्मिऑन. त्यांची गणनपद्धती 1926 मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी स्वतंत्रपणे दिली. त्यांच्या तरंगफलनाचे चिन्हच उलटते, त्यामुळे दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत ठेवायला गेल्यास उत्तर शून्य येते. पाउली यांचा 1925 चा अपवर्जन नियम तो हाच. अणूतील इलेक्ट्रॉनांची कवचे आणि त्यांतून उभी राहणारी मूलद्रव्यांची आवर्तसारणी याच नियमावर टिकून आहे.

या युक्तिवादात एक गृहीतक मात्र लपलेले आहे. दोनदा अदलाबदल करणे म्हणजे एका कणाने दुसऱ्याभोवती पूर्ण फेरा मारणे. आपल्या त्रिमितीय अवकाशात हा फेरा दुसऱ्या कणाच्या वरून उचलून घेता येतो आणि लहान लहान करत एका बिंदूपर्यंत आकसता येतो, म्हणून तो मारला काय नि न मारला काय, सारखेच. सपाट प्रतलात वर उचलायला जागाच नसते. फेरा मधल्या कणाला अडकून राहतो, तो आकसत नाही, आणि मग दोन अदलाबदली मिळून सारे पूर्ववत झालेच पाहिजे ही सक्तीही राहत नाही. कोन 60 अंश असू शकतो, 36 असू शकतो, कोणताही असू शकतो. एवढेच नव्हे, तर घड्याळाच्या दिशेने घेतलेला फेरा आणि उलट दिशेने घेतलेला फेरा हेही वेगळे ठरतात. ओस्लो विद्यापीठातील लाइनोस आणि मिऱ्हाइम यांनी 1977 मध्ये हे दाखवून दिले, आणि 1982 मध्ये फ्रँक विल्चेक यांनी अशा कणांना ‘एनिऑन’ हे नाव दिले. तेव्हा पुस्तकही बरोबर आणि बातमीही बरोबर. दोघांच्या अटी निराळ्या आहेत, इतकेच.

प्रश्न (निपाणी) : मी निवृत्त शिक्षक असून चाळीस वर्षे भूमिती शिकवली. कागद कितीही पातळ घेतला तरी त्याला जाडी असतेच, हे मी मुलांना सांगत आलो. मग हे द्विमितीय जग आणले कोठून? हा केवळ गणिती खेळ तर नव्हे?

उत्तर : गुरुजी, आपला आक्षेप रास्त आहे, आणि प्रारंभीची काही वर्षे अनेक भौतिकशास्त्रज्ञांनीही या कल्पनेकडे गणिती कुतूहल म्हणूनच पाहिले. परंतु येथे द्विमितीय याचा अर्थ जाडी नसलेला असा नाही. गॅलियम आर्सेनाइड आणि त्यात थोडे अॅल्युमिनियम मिसळलेले संयुग, असे दोन अर्धवाहक एकमेकांवर अणूंच्या थरांनी वाढवले, तर त्यांच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉन एका अरुंद पट्टीत अडकतात. या पट्टीची जाडी काही दशक नॅनोमीटर इतकी असते, म्हणजे ती शून्य नक्कीच नाही. पण इतक्या अरुंद जागेत वरखाली हालचालीची ऊर्जा हवी तशी घेता येत नाही. तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि सर्वांत खालच्या पायरीवरून दुसरीवर चढायला साधारणपणे काही दशक मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. प्रयोग निरपेक्ष शून्याच्या वर एक-शतांश केल्विनच्या आसपास केला जातो, आणि त्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा एक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टहूनही थोडी कमी असते. ही तफावत हजारो पटींची आहे. दुसरी पायरी अस्तित्वात असते, पण तेथवर कोणी पोहोचत नाही, आणि वरखालीची दिशा गोठल्यासारखी होऊन फक्त आडव्या दोन दिशा खुल्या राहतात. आपल्या कागदाला जाडी आहे हे खरेच. त्या जाडीत हालचाल करण्याची ऐपत तेवढी कोणाकडे उरत नाही.

येथे एक गैरसमज टाळावा. या पट्टीत अडकलेला इलेक्ट्रॉन फर्मिऑनच राहतो. एनिऑन होतो तो इलेक्ट्रॉन नव्हे, तर असंख्य इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वागणुकीतून निर्माण होणारा, कणासारखाच हिंडणारा एक विकार, ज्याला क्वाझी-कण म्हणतात. तो पट्टीबाहेर काढून कुपीत भरता येत नाही. म्हणून त्याला खोटा म्हणायचे का, हा प्रश्न काही जण हिरिरीने लढवतात. माझ्या मते ज्याचा विद्युतभार आणि कला दोन्ही मोजता येतात, त्याला खोटे म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : या कणांवर इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश भार असतो असे वाचले. इलेक्ट्रॉन तर अविभाज्य ना? तो फुटतो का? आणि हे सारे खरोखर कोणी मोजले आहे काय?

उत्तर : इलेक्ट्रॉन फुटत नाही. पण एक-तृतीयांश भार मोजला गेला आहे, आणि तो कसा मोजला हे समजून घेण्यासारखे आहे.

धातूच्या पट्टीतून वीजप्रवाह सोडून तिला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले की पट्टीच्या दोन बाजूंत विभवांतर निर्माण होते, हे एडविन हॉल यांनी 1879 मध्ये दाखवले. त्या आडव्या विभवांतराला प्रवाहाने भागल्यास हॉल रोध मिळतो. वर वर्णन केलेल्या सपाट, अतिथंड पट्टीत हा रोध चुंबकीय क्षेत्राबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. 1980 मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना या पायऱ्या 25,812.807 ओहम भागिले 1, 2, 3 अशा पूर्णांकांवर आढळल्या, त्याही इतक्या नेमक्या की आज जगभर विद्युतरोधाचे प्रमाण त्यांवरूनच ठरवले जाते. 1982 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे त्सुई, श्ट्योर्मर आणि गोसार्ड यांनी क्षेत्र सुमारे 15 टेस्लापर्यंत वाढवले, तेव्हा त्या आकड्याच्या तिप्पट, म्हणजे जवळजवळ 77,438 ओहमवर एक नवी पायरी दिसली. पूर्णांकाच्या जागी एक-तृतीयांश! पुढल्या वर्षी रॉबर्ट लाफलिन यांनी तिचा उलगडा केला. या स्थितीत प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला चुंबकीय अभिवाहाची, म्हणजे पट्टीतून आरपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या मापाची, तीन एकके येतात आणि सारे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत एकाच घट्ट जुळलेल्या द्रवासारखे वागू लागतात. त्यात अभिवाहाचे एक एकक जास्तीचे घुसवले, तर त्याभोवतीचा द्रव थोडा मागे सरतो आणि तेथे बरोबर एक-तृतीयांश इलेक्ट्रॉनइतकी पोकळी राहते. ही पोकळी म्हणजेच आपला क्वाझी-कण. 1984 मध्ये हॅल्परिन यांनी, तसेच आरोवास, श्रीफर आणि विल्चेक यांनी दाखवले, की या पोकळ्या एकमेकींशी अदलाबदल करतात तेव्हा कोन 0 नसतो, 180 नसतो, तर 60 अंश असतो. लाफलिन, श्ट्योर्मर आणि त्सुई यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या गोसार्ड यांच्या निर्मळ स्फटिकावाचून तो प्रयोग झालाच नसता, त्यांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

पुढे पाच-द्वितीयांशसारखा एखादा अपवाद वगळता दोन-पंचमांश, तीन-सप्तमांश अशा विषम छेदांच्या पायऱ्यांची रांगच सापडत गेली. त्या सर्वांना एका सूत्रात ओवले ते राजस्थानात जन्मलेले जैनेंद्र जैन यांनी, 1989 मध्ये. त्यासाठी 2025 चे वुल्फ पारितोषिक त्यांना जेम्स आइझेनस्टाइन आणि मोटी हाइब्लुम यांच्यासह मिळाले.

आता मोजमापाकडे वळू. विद्युतप्रवाह अखंड धारेसारखा नसतो. तो सुट्या भारांचा बनलेला असतो, आणि त्यामुळे त्यात एक बारीकशी खरखर असते. या खरखरीच्या प्रमाणावरून एकेका भाराचे माप काढता येते. 1997 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत आणि फ्रान्सच्या साक्ले येथे ते काढले गेले, आणि दोन्ही ठिकाणी एक-तृतीयांश आले. अदलाबदलीचा कोन हाती लागायला मात्र आणखी तेवीस वर्षे जावी लागली. 2020 मध्ये पॅरिसच्या एका गटाने क्वाझी-कणांचे दोन प्रवाह एका नाक्यावर एकमेकांवर आदळवले आणि पलीकडे निघणाऱ्या दोन प्रवाहांतील चढउतार तपासले. इलेक्ट्रॉन असते तर ते एकमेकांना टाळून दोन वाटांनी एकेक निघाले असते. येथे तसे घडले नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील मायकेल मॅनफ्रा यांच्या गटाने अधिक थेट वाट धरली. त्यांनी क्वाझी-कणांना एका छोट्या बेटाच्या दोन्ही बाजूंनी जाऊ दिले आणि दोन्ही वाटांचे तरंग पुढे एकत्र आणले. एकट्या तरंगाची कला दिसत नाही, पण दोन तरंगांमधील फरक दिसतो. चुंबकीय क्षेत्र आणि विभवांतर बदलत घेतलेल्या मोजमापांच्या आलेखावर उजेडाचे आणि अंधाराचे तिरके, समांतर पट्टे उमटतात. बराच अंतरभर हे पट्टे सरळ जातात, आणि मग एखाद्या जागी सगळेच पट्टे एकाएकी तुटून साधारण एक-तृतीयांश पट्ट्याइतके बाजूला सरकलेले दिसतात. बेटावर एक नवा क्वाझी-कण आल्याची ती खूण. त्याच्याभोवती फेरा मारणाऱ्याची कला 120 अंशांनी सरकली, म्हणजे एका अदलाबदलीचे 60 अंश. 1984 मधील भाकीत तेवढेच होते. अलीकडे ग्राफीनमध्येही, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरातही, या जातीचे प्रयोग यशस्वी झाले आहेत.

प्रश्न (चिकोडी) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. एनिऑन वापरून कधीही न चुकणारा क्वांटम संगणक तयार झाला, असा एक चित्रफितीतला दावा आमच्या वसतिगृहात सर्वांनी पाहिला. हे कितपत खरे?

उत्तर : तयार झालेला नाही. कल्पना मात्र भक्कम आहे.

वर ज्या एक-तृतीयांश एनिऑनांविषयी लिहिले, त्यांच्या बाबतीत कोणी कोणाभोवती किती फेरे घेतले एवढाच हिशेब राहतो; फेऱ्यांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. काही एनिऑन याहून निराळे असावेत असे गणित सांगते, आणि त्यांच्यात क्रमालाही महत्त्व असते. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली गोफ विणतात, तो डोळ्यांसमोर आणा. वरून लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या धरून मुली एकमेकींच्या आतून-बाहेरून फेर धरतात आणि वर गोफ विणला जातो. नाच थांबल्यावर प्रत्येक जण पुन्हा पहिल्याच जागी उभी असेल, तरी कोण कोणाच्या आधी आतून गेली याची नोंद त्या गोफात राहिलेली असते. क्रम बदलला की वीण बदलते, आणि गोफ सोडवायचा तर तोच क्रम उलटा चालवावा लागतो. अशा एनिऑनांत माहिती कोणा एका कणात साठत नाही. ती या विणीत साठते. एखाद्या ठिकाणी थोडी उष्णता लागली किंवा एखादा कण जरासा हलला तरी वीण बदलत नाही, म्हणून माहिती सुरक्षित राहते. अलेक्सी किटाएव यांनी 1997 मध्ये क्वांटम संगणकासाठी ही वाट सुचवली.

असे एनिऑन पाच-द्वितीयांश या पायरीत असावेत, असे मूर आणि रीड यांनी 1991 मध्ये मांडले. ती पायरी 1987 पासून माहीत होती. 2018 मध्ये वाइझमन संस्थेत मिताली बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी त्या पायरीतील उष्णतावहन मोजले, आणि ते मूलभूत एककाच्या अडीच पट आले. ही अर्धी पट सामान्य एनिऑनांतून येऊ शकत नाही, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. तरीही असे दोन एनिऑन एकमेकांभोवती फिरवून वीण बदलल्याचे त्या पट्टीत निर्विवादपणे दाखवले गेलेले नाही. 2023 मध्ये गूगलने आणि क्वांटिन्यूअम या कंपनीने आपापल्या क्वांटम यंत्रांवर अशा एनिऑनांची अवस्था घडवली. क्वांटिन्यूअमने त्यासाठी विद्युतक्षेत्रात धरलेल्या आयनांचे 27 क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीची एकके, वापरले. तेथे वीण आणि क्रम दोन्ही दिसले, पण ती अवस्था आज्ञावलीने रचलेली होती, आपोआप टिकून राहणारी नव्हती, त्यामुळे चुकांपासून मिळणारे फुकटचे संरक्षणही तिच्यात नव्हते. मायक्रोसॉफ्टने निवडलेली वाट तिसरीच, अतिवाहक तारांच्या टोकांवरील मायोराना अवस्थांची; याही क्रम लक्षात ठेवणाऱ्या एनिऑनांसारख्या वागाव्यात असे गणित सांगते. त्या दिशेचा 2018 मधील एक गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने ‘मायोराना 1’ ही चिप जाहीर केली, तेव्हा सोबतच्या शोधनिबंधाबरोबर प्रसिद्ध झालेल्या संपादकीय टिपणीत, हे निष्कर्ष म्हणजे मायोराना अवस्थांच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे, असे नमूद केले होते. तुमच्या वसतिगृहातील चित्रफितीत ही टीप दाखवली होती का, हे एकदा पाहावे.

प्रश्न (हुक्केरी) : जानेवारी 2025 मध्ये ज्या ‘पॅराकणां’ची बातमी आली, ते म्हणजे हेच एनिऑन का?

उत्तर : नाही. एनिऑनांना सपाट जग लागते; पॅराकण कितीही मितींत चालतात, निदान कागदावर.

खानापूरच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात अदलाबदलीने केवळ एक कोन बदलतो असे धरले होते. कणाला बाहेरून न दिसणाऱ्या काही अंतर्गत अवस्था असतील, तर अदलाबदलीने त्या अवस्थाही आपापसांत मिसळू शकतात, आणि मग दोनदा अदलाबदल करून सारे पूर्ववत होण्याची अट पाळूनही बोसॉन-फर्मिऑनांपलीकडचे पर्याय शिल्लक राहतात. ही कल्पना एच. एस. ग्रीन यांनी 1953 मध्येच मांडली होती. 1964 मध्ये ग्रीनबर्ग यांनी प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक असलेल्या क्वार्कांसाठी ती वापरून पाहिली, आणि त्यातून पुढे क्वार्कांच्या ‘रंग’ या गुणधर्माची मांडणी झाली. नंतर मात्र असे सिद्ध करण्यात आले, की ठरावीक गृहीतके मान्य केल्यास हे पॅराकण म्हणजे वेषांतर केलेले साधे बोसॉन किंवा फर्मिऑनच असतात, आणि विषय जवळजवळ मिटला. झीयुआन वांग आणि केडन हॅझर्ड यांनी ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केले, ते त्या गृहीतकांना वळसा घालणारे गणिती प्रारूप आहे. त्यातील पॅराकणांची गणनपद्धती दोन्ही घराण्यांहून वेगळी निघते, आणि चुंबकीय पदार्थांत किंवा शीत अणूंच्या जाळीत ते क्वाझी-कणांच्या रूपाने आढळू शकतील असे लेखकांना वाटते. अजून ते कोठेही आढळलेले नाहीत, आणि या मांडणीवर आक्षेप घेणारे लेखनही प्रसिद्ध झाले आहे. ‘सापडले’ हे क्रियापद बातमीदाराचे आहे. मूळ शोधनिबंधात केवळ शक्यता दाखवली आहे.

प्रश्न (अथणी) : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. या विषयात पुढे काम करायचे तर कोठे जावे लागेल? घरचे धारवाडपलीकडे पाठवायला सहजी तयार होत नाहीत.

उत्तर : अतिशीत तापमानाचे हे प्रयोग थोड्याच ठिकाणी चालतात. आपल्याला जवळची म्हणाल तर बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. सैद्धांतिक अंगाने जायचे असेल तर बेंगळुरूलाच रामन संशोधन संस्था आणि आयसीटीएस (सैद्धांतिक विज्ञानांचे आंतरराष्ट्रीय केंद्र) आहेत. विज्ञान संस्थेतील एकात्मिक पीएच.डी.साठी आणि आयसर-आयआयटीतील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते. रामन संस्था आणि आयसीटीएस जेस्ट या प्रवेश परीक्षेचे गुण ग्राह्य धरतात, तर टाटा संस्थेची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. यांपैकी बहुतेक ठिकाणी एकात्मिक पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावृत्ती मिळते आणि वसतिगृहही असते, हे घरी अवश्य सांगा. पुष्कळदा अडचण अंतरापेक्षा खर्चाची असते. तयारी म्हणून या वर्षी रेषीय बीजगणित पक्के करा, विशेषतः सारण्यांचा (मॅट्रिक्सचा) गुणाकार क्रम बदलल्यावर का बदलतो ते हाताने सोडवून पाहा, आणि क्वांटम यांत्रिकीचा पेपर केवळ गुणांपुरता उरकू नका. जॅमचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ती देता येते, म्हणजे तुमच्या हाती तयारीला अजून वर्षभराचा अवधी आहे.